वाहनाचा दिवा : प्रखरता नव्हे, योग्य दिशा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षी देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. दिवसाच्या चोवीस तासांचे तीन-तीन तासांचे आठ भाग पाडले, तर सायंकाळी ६ ते ९ या एकाच भागात सुमारे एक-पंचमांश अपघात झाल्याचे आढळते. दुसऱ्या कोणत्याही भागात इतके अपघात झाले नाहीत. घरी परतण्याची घाई, दिवसभराचा थकवा आणि दाटत जाणारा अंधार या तिन्ही गोष्टी याच वेळी एकत्र येतात. शेतावरून परतणारी माणसे, सायकलस्वार, जनावरे आणि उसाच्या बैलगाड्या याच सुमारास रस्त्यावर असतात.

अशा वेळी वाहनचालकाचा मुख्य आधार म्हणजे वाहनाचे पुढील दिवे. वाहनाबरोबर आलेला दिवा मंद वाटतो, अशी तक्रार अनेक चालक करतात आणि ती सर्वस्वी निराधार नसते. परंतु तिच्यावर योजला जाणारा उपाय बहुतेकदा एकच असतो. बाजारातून अधिक प्रखर, पांढराशुभ्र प्रकाश देणारा बल्ब आणावयाचा आणि जुन्या बल्बच्या जागी बसवावयाचा. त्यामुळे चालकाला समाधान मिळते, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. बदल करणाऱ्या चालकालाही दूरचे अधिक दिसू लागते असे नाही. असे का घडते आणि दिवा सुधारावयाचा झाल्यास कोणत्या क्रमाने सुधारावा, हे समजून घेणे सर्वांच्याच हिताचे आहे.

दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे

बल्ब, त्यामागील परावर्तक, पुढील काच आणि संपूर्ण दिव्याला दिलेला कल हे चार घटक मिळून वाहनाचा दिवा तयार होतो. बल्ब केवळ प्रकाश निर्माण करतो. तो कोठे पडावा आणि कोठे पडू नये, हे उरलेले तीन घटक ठरवितात.

आपल्याकडील असंख्य जीपगाड्या, मोटारी व मालवाहू वाहने यांत ‘एच ४’ जातीचा हॅलोजन बल्ब वापरलेला आढळतो. बारा व्होल्टच्या वाहनासाठी तो ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे अप्परसाठी ६० वॅटचा आणि डिप्परसाठी ५५ वॅटचा असे दोन तंतू त्यात असतात. डिप्परच्या तंतूखाली धातूची एक लहानशी वाटी बसविलेली असते. खालच्या दिशेने जाणारा प्रकाश ती अडविते. त्यामुळे परावर्तकाचा वरचा अर्धा भागच उजळतो आणि त्यावरून परतलेला प्रकाश रस्त्याकडे खाली झुकतो. भिंतीसमोर वाहन उभे करून डिप्पर लावल्यास खाली उजेड, वर अंधार आणि मध्ये एक स्पष्ट कड दिसते, ती याच रचनेमुळे.

या वाटीची एक बाजू तिरपी कापलेली असते. त्यामुळे उजेडाची कड उजवीकडे आडवी राहते व डावीकडे वर चढते. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. डाव्या कडेचे पादचारी, दगड व वळणाच्या खुणा लांबून दिसाव्यात आणि उजवीकडून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत प्रकाश जाऊ नये, असा दुहेरी हेतू त्यात साधलेला आहे. ही सारी रचना तंतूच्या नेमक्या जागेवर अवलंबून असते. तंतू एखाद्या मिलिमीटरने जरी सरकला, तरी उजेडाची कड विस्कटते.

वेग आणि नजरेचा पल्ला

डिप्परचा पल्ला किती असावा, हे साध्या गणिताने कळते. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि त्याचा कल एक टक्का खाली आहे, असे धरू. म्हणजे दर दहा मीटरला उजेडाची कड दहा सेंटिमीटर खाली उतरते आणि ८० मीटरवर ती जमिनीला मिळते. समोरून येणारा दिपू नये म्हणूनच हा कल दिलेला असतो. रस्त्याच्या मधोमध डिप्परचा उजेड त्यापुढे जात नाही. गडद कपडे घातलेला मनुष्य तर त्याच्याही बराच अलीकडे आल्यावर दिसतो.

आता वाहन थांबण्यास लागणारे अंतर पाहू. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर दर सेकंदाला वेग सेकंदामागे सहा मीटरने कमी होतो, असे गृहीत धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाच्या मोटारीला थांबण्यास सुमारे ४८ मीटर, ताशी ८० किलोमीटरला सुमारे ७४ मीटर आणि ताशी १०० किलोमीटरला सुमारे १०६ मीटर लागतात. रस्ता ओला असल्यास वा वाहन भारलेले असल्यास हे अंतर आणखी वाढते.

हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवल्यास खरा प्रश्न ध्यानात येतो. डिप्परवर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारा चालक आपल्या नजरेच्या पल्ल्याच्या अगदी काठावर वाहन चालवीत असतो. बल्ब दुप्पट प्रखर केला तरी उजेडाची कड ८० मीटरवरच जमिनीला मिळणार, कारण ती कलाने ठरते. कड वर उचलावी तर समोरचा चालक दिपतो. अंधाऱ्या रस्त्यावर समोर वाहन नसताना अप्पर वापरणे आणि डिप्परवर असताना वेग आवरणे, हाच यावरील मार्ग आहे. कोणताही बल्ब विकत घेऊन यातून सुटका होत नाही.

अधिक उजेडाची फसवणूक

तरीही प्रखर बल्ब बसविलेल्या चालकास आता पूर्वीपेक्षा उत्तम दिसते, असे मनापासून वाटते. याचे कारण डोळ्यांच्या स्वभावात आहे. समोर जेवढा उजेड असेल त्याप्रमाणे डोळा आपली संवेदनशीलता बदलतो. वाहनाच्या नाकासमोरील पंधरा-वीस मीटरचा रस्ता लख्ख उजळला की डोळा त्या उजेडास सरावतो आणि त्यापलीकडील मंद वस्तू त्याला अधिकच काळोख्या दिसतात. वेगात असताना जवळच्या रस्त्याचा उपयोग जवळजवळ नसतोच. तेथे काही दिसले तरी वाहन थांबविण्यास अवसर उरलेला नसतो.

उजेड दूर पोचविणे हे मुळातच कठीण काम आहे. अंतर दुप्पट झाले की वस्तूवर पडणारा प्रकाश एक-चतुर्थांश होतो. म्हणून दुप्पट अंतरावर तेवढेच स्पष्ट दिसण्यासाठी त्या दिशेने चौपट प्रकाश जावा लागतो. तो नेमका त्या दिशेने नेणे हे परावर्तकाचे व भिंगाचे काम आहे. विस्कटलेला प्रकाश कितीही असला, तरी तो दूर पोचत नाही.

रंगाविषयीही बराच गैरसमज आहे. हॅलोजन बल्बचा प्रकाश किंचित पिवळसर असतो, म्हणून निळसर छटेचे बल्ब अधिक शक्तिमान समजून घेतले जातात. हॅलोजन बल्बच्या काचेवर निळा लेप दिला की तो लेप प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो आणि बाहेर पडणारा प्रकाश घटतो. शिवाय निळसर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांना अधिक खुपतो. वयस्कर व्यक्तींना तर दिपलेले डोळे पूर्ववत होण्यास अधिक वेळ लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत ५० मीटर पुढे गेलेले असते. तेवढे अंतर चालक जवळपास आंधळेपणाने कापतो.

खर्च करण्यापूर्वी तपासणी

दिवा मंद वाटू लागल्यास प्रथम तो मुळात होता तसा आहे काय, हे पाहावे. पुष्कळदा दोष बल्बमध्ये नसतोच.

पहिली तपासणी काचेची. धूळ, चिखल व किडे यांचा थर प्रकाश अडवितो आणि विखुरतोही. अलीकडील वाहनांत दिव्याची काच प्रत्यक्षात पारदर्शक प्लॅस्टिकची असते. उन्हाने ती काही वर्षांत पिवळट व धुरकट होते. बारीक पॉलिश कागदाने पाण्याखाली घासून ती पुन्हा पारदर्शक करता येते. मात्र त्यानंतर उन्हापासून संरक्षण देणारा लेप न दिल्यास पिवळेपणा लवकरच परततो. परावर्तकाचा ‘पारा उडाला’ असेल, म्हणजे त्यावरील चकचकीत मुलामा काळवंडला वा सोलला असेल, तर कोणताही बल्ब उपयोगी पडत नाही. अशा वेळी पूर्ण दिवाच बदलावा लागतो. चालकापुढील मोठी काच आणि वायपरची रबरे यांचीही याच वेळी पाहणी करावी. ओरखडलेल्या काचेवर समोरचा प्रकाश पसरतो आणि दिपण्याचा त्रास वाढतो.

दुसरी तपासणी कलाची. गॅरेजमध्ये ज्याला ‘फोकस सेट करणे’ म्हणतात, ते हेच काम. यासाठी टायरमध्ये योग्य हवा भरून, चालक आपल्या जागी बसलेला असताना, वाहन सपाट जमिनीवर भिंतीच्या अगदी जवळ उभे करावे आणि प्रत्येक दिव्याच्या मध्याची उंची व जागा भिंतीवर खडूने आखून घ्यावी. नंतर वाहन सरळ दहा मीटर मागे घेऊन डिप्पर लावावा. कल एक टक्का असल्यास उजेडाची आडवी कड खडूच्या रेषेखाली दहा सेंटिमीटरवर यावी. कड डावीकडे जेथून वर चढू लागते तो बिंदू त्या त्या दिव्याच्या मध्यासमोर असावा. वाहनासाठी नेमका किती कल ठरविलेला आहे, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत वा पुष्कळदा दिव्यावरच दिलेले असते. दिव्यामागील स्क्रू फिरवून हा कल दुरुस्त करता येतो. बल्ब बदलल्यावर, अपघातानंतरच्या दुरुस्तीनंतर आणि स्प्रिंगचे काम केल्यानंतर ही तपासणी अवश्य करावी.

तिसरी तपासणी भाराची. अनेक मोटारींत चालकाच्या हाताशी शून्यापासून पुढे आकडे असलेली एक लहान चकती असते. ती कशासाठी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मागे माणसे वा सामान भरले की वाहनाची मागील बाजू खाली दबते व दिवे वर उचलले जातात. दोन चाकांच्या आसांतील अंतर अडीच मीटर असलेल्या मोटारीची मागील बाजू केवळ पाच सेंटिमीटर दबली, तरी दिव्याचा कल दोन टक्क्यांनी वर जातो. मूळचा एक टक्का उतार नाहीसा होऊन उजेड उलट एक टक्का चढू लागतो. पन्नास मीटरवर तो दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर वर, म्हणजे समोरील मोटारचालकाच्या थेट डोळ्यांवर येतो. चकती भारानुसार फिरविली की हा दोष खर्चाविना दूर होतो.

चौथी तपासणी विजेच्या दाबाची. हॅलोजन बल्बचा प्रकाश दाबाच्या मानाने फारच वेगाने कमी-अधिक होतो. १३.२ व्होल्टला जो बल्ब पूर्ण प्रकाश देतो, तोच १२ व्होल्टला सुमारे ७२ टक्केच प्रकाश देतो. जुन्या वाहनांत बारीक व गंजलेल्या तारा, सैल झालेले जोड आणि थकलेला स्विच यांमुळे बल्बपर्यंत पोचेतो एखादा व्होल्ट सहज हरवतो. जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून योग्य जाडीच्या तारा, फ्यूज व रिले बसवून घेतल्यास आणि जमिनीचा म्हणजे अर्थिंगचा जोड स्वच्छ केल्यास मूळ बल्बच नव्यासारखा उजळतो. कोणालाही त्रास न देता उजेड वाढविणारा हा सर्वांत विश्वासू उपाय आहे.

बल्ब बदलताना

एवढे करूनही प्रकाश अपुरा वाटल्यास बल्ब बदलण्याचा विचार करावा. हॅलोजन बल्ब वापराने हळूहळू मंदावतो. म्हणून जुना झालेला बल्ब जळण्याची वाट न पाहता दोन्ही बाजूंचे बल्ब एकाच वेळी बदलणे श्रेयस्कर. नवा बल्ब त्याच जातीचा, तेवढ्याच वॅटचा आणि नामांकित उत्पादकाचा असावा. त्याच्या काचेला बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण त्वचेवरील तेलाचा डाग तापून काच तडकते. तंतूची रचना सुधारून, ठरलेल्या वॅटमध्येच थोडा अधिक प्रकाश देणारे हॅलोजन बल्बही मिळतात. त्यांचे आयुष्य मात्र पुष्कळदा कमी असते.

बाजारात १००/९० वॅटचे बल्ब सर्रास विकले जातात. ५५ वॅटच्या बल्बला बारा व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह लागतो. ९० वॅटच्या बल्बला साडेसात अँपिअर लागतो. मूळच्या तारा, स्विच व होल्डर या भारासाठी बनविलेले नसतात. होल्डर वितळणे, परावर्तक करपणे व प्रसंगी आग लागणे हे त्याचे परिणाम होत. मोटारसायकलीत ३५/३५ वॅटचा बल्ब असेल, तर त्या जागी मोठा बल्ब लावल्याने उजेड वाढण्याऐवजी घटूही शकतो, कारण तेवढी वीज निर्माण करण्याची त्या वाहनाची क्षमताच नसते.

हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बची सध्या सर्वाधिक चलती आहे. एलईडी ही उत्तम गोष्ट आहे, यात शंका नाही. ती कमी विजेत अधिक प्रकाश देते व दीर्घकाळ टिकते. परंतु हॅलोजनचा तंतू बारीक व गोलाकार असून तो सर्व बाजूंना प्रकाश देतो. एलईडी बल्बमध्ये सपाट चकत्या दोन बाजूंना बसविलेल्या असतात. हॅलोजनच्या तंतूसाठी आखलेला परावर्तक हा वेगळ्या आकाराचा प्रकाश नीट वळवू शकत नाही. त्यामुळे उजेडाची कड पुसट होते आणि काही प्रकाश कडेच्या वर निसटतो. बल्बमागील पंख्यामुळे दिव्याचे मागील झाकण नीट बसत नाही, म्हणून कोकणासारख्या पावसाळी प्रदेशात आत दमट हवा व धूळ शिरण्याचा त्रास उद्भवतो.

झेनॉन संचाची गोष्टही अशीच आहे. मूळ झेनॉन दिव्यांतील ३५ वॅटचा बल्ब सुमारे ३,२०० ल्युमेन प्रकाश देतो, तर ‘एच ४’चा डिप्पर सुमारे १,००० ल्युमेन देतो. एवढ्या प्रकाशासाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी कल आपोआप सांभाळणारी व काच धुणारी यंत्रणा आवश्यक ठरविली आहे. साध्या हॅलोजन दिव्यात नुसता झेनॉन बल्ब बसविला, तर यांपैकी काहीच नसते.

जर्मनीत २०२० मध्ये काही एलईडी बल्बना हॅलोजन दिव्यांत वापरण्याची मुभा मिळाली. परंतु ती सरसकट नाही. विशिष्ट बल्ब विशिष्ट वाहनाच्या विशिष्ट दिव्यात तपासून, त्या जोडीपुरतीच ही परवानगी दिली जाते. बल्ब व दिवा यांची परीक्षा एकत्रच व्हावी लागते, हे तत्त्व त्यामागे आहे. ‘सर्व गाड्यांना चालेल’ असे लिहिलेल्या खोक्यातील बल्बची अशी परीक्षा झालेली नसते.

पूर्ण दिवा बदलताना

मूळ दिवाच निकामी झाला असेल वा खरोखर चांगला दिवा हवा असेल, तर बल्ब, परावर्तक व काच यांसह संपूर्ण दिवा बदलणे हा योग्य मार्ग आहे. वाहन उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेला दिवा ही पहिली पसंती असावी. त्याच मॉडेलच्या वरच्या श्रेणीत एलईडी वा भिंगाचा दिवा दिलेला असल्यास तो आपल्या वाहनात बसतो काय, त्यासाठी वायरिंग बदलावे लागते काय आणि परिवहन कार्यालयाची संमती लागते काय, याची आधी लेखी विचारणा करावी.

जुन्या जीपगाड्या व अनेक मोटारसायकली यांना असणाऱ्या सात इंची गोल दिव्यासाठी बाजारात अनेक पर्याय आहेत. त्यांतून निवड करताना दिव्याच्या काचेवरील खुणा वाचाव्यात. एच हे रोमन अक्षर हॅलोजन दिवा दर्शविते, सी हे डिप्पर व आर हे अप्पर दर्शविते. वर्तुळातील ई आणि त्याशेजारचा आकडा आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चाचणी झाल्याचे सांगतो. सर्वांत महत्त्वाची खूण बाणाची. डाव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनविलेल्या दिव्यावर, समोरून पाहणाऱ्याच्या उजवीकडे रोख असलेला आडवा बाण असतो. दोन्ही पद्धतींत चालणाऱ्या दिव्यावर दुतोंडी बाण असतो. ई-खूण असूनही बाण नसेल, तर तो दिवा उजव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांसाठी आहे असे समजावे. असा दिवा येथे लावल्यास त्याचा वर चढणारा उजेड नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. कोणतीच खूण नसलेला दिवा स्वस्त असला तरी घेऊ नये.

धुके, पाऊस आणि जादा दिवे

आंबोली, ताम्हिणी किंवा कसारा या घाटांत धुके दाटले की चालक अप्पर लावतात. धुक्यातील जलकण हा प्रकाश परत चालकाकडेच फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचे दिवे उपयोगी पडतात ते केवळ त्यांच्या पिवळ्या रंगामुळे नव्हे. ते खाली बसविलेले असतात, त्यांचा उजेड रुंद व चपटा असतो आणि त्याची वरची कड स्पष्ट असते, यामुळे ते उपयोगी पडतात. तेच दिवे बंपरच्या वर बसविले वा वर रोखले, तर त्यांचा गुण नाहीसा होतो. आकाश निरभ्र असताना हे दिवे लावून फिरणे अनावश्यक व इतरांस त्रासदायक आहे.

जीपच्या टपावर लावलेल्या एलईडी पट्ट्या आणि मोटारसायकलीच्या पुढे जोडलेले झोतदिवे यांना उजेडाची कडच नसते. सार्वजनिक रस्त्यावर त्यांना स्थान नाही.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमध्ये या विषयाची स्पष्ट तरतूद आहे. नियम १०५ अन्वये वाहनाच्या दिव्यांमुळे पुढील १५५ मीटर अंतरावरील माणसे व वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत. नियम १०६ त्याची दुसरी बाजू सांगतो. पुढे प्रकाश टाकणारा दिवा कायम खाली झुकलेला असावा किंवा चालकास तो खाली झुकविता आला पाहिजे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीस तो दिपविणारा नसावा. नियम १११ अन्वये नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेशिवाय वाहनाच्या पुढे झोतदिवा वा शोधदिवा लावता येत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, नियमबाह्य रीतीने वाहनात फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवण्यात आली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे पुढील दिवे इंजिन चालू होताच आपोआप लागतात. म्हणून त्यांचा कल चुकीचा असल्यास त्याचा त्रास इतरांना सतत होत राहतो, हेही लक्षात ठेवावयास हवे.

ग्रामपंचायती व शाळांना करता येण्याजोगे

हा विषय केवळ चालक व परिवहन अधिकारी यांच्यापुरता मर्यादित नाही. ऊस गळिताच्या हंगामात ट्रॅक्टर, ट्रॉल्या व बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. शेतातील कामासाठी ट्रॅक्टरच्या मागे लावलेला पांढरा दिवा रस्त्यावर चालूच ठेवला, तर मागून येणाऱ्यास समोरून वाहन येत असल्याचा भास होतो. तो दिवा शेताच्या बांधावरच बंद करावा. ट्रॉलीच्या व बैलगाडीच्या मागे तांबड्या परावर्तक पट्ट्या लावाव्यात. मागून येणाऱ्याच्या डिप्परचा कितीही मंद उजेड अशा पट्टीवरून परततो आणि गाडी लांबून दिसते. प्रखर बल्बच्या किमतीच्या मानाने पट्टीचा खर्च अल्प आहे आणि उपयोग कितीतरी अधिक.

दरवर्षी जानेवारीच्या सुमारास होणाऱ्या रस्ता सुरक्षा कार्यक्रमांत ग्रामपंचायतीने परिवहन कार्यालयाच्या सहकार्याने दिवे तपासणीचे शिबिर घ्यावे. शाळेची सपाट भिंत, समोरील दहा मीटर मोकळी जागा, खडू, मोजपट्टी आणि एक जाणता इलेक्ट्रिशियन एवढ्या सामग्रीवर एका सायंकाळी अनेक वाहनांचा कल दुरुस्त होऊ शकतो. प्रारंभ पंचायतीच्या पाण्याच्या टँकरपासून, घंटागाडीपासून व शाळेच्या बसपासून करावा.

शिक्षकांनाही हा धडा सहज शिकविता येईल. अंधाऱ्या वर्गात फळ्याजवळ एका विद्यार्थ्यास गडद कपड्यांत उभे करावे आणि दुसऱ्याने त्याच्या शेजारी उभे राहून बॅटरीचा झोत मुलांकडे रोखावा. काही क्षणांपूर्वी दिसणारा विद्यार्थी आता दिसेनासा होतो. नंतर तोच झोत जमिनीकडे वळवावा. बॅटरी तीच, सेलही तेच, केवळ दिशा बदलली की फळ्याजवळचा विद्यार्थी पुन्हा दिसू लागतो.

दिव्यासाठी पैसे खर्च करावयाचेच असतील, तर काच, कल, तारा, योग्य बल्ब आणि शेवटी खूण असलेला पूर्ण दिवा हा क्रम ठेवावा. अनेक वाहनांना पहिल्या तीन पायऱ्यांपलीकडे जाण्याची गरजही पडणार नाही. दिवा विकत घेणारा आपल्या डोळ्यांपुरता विचार करतो, परंतु त्याचा उजेड पडतो तो सार्वजनिक रस्त्यावर. त्या रस्त्यावर समोरून चालत येणाऱ्यापाशी डोळे झाकून घेण्यापलीकडे कोणताच उपाय नसतो. म्हणून त्याच्या डोळ्यांची काळजी दिवा लावणाऱ्यानेच वाहिली पाहिजे.